दर उंबऱ्याला एकच पट्टी?

साठी उलटलेल्या आमच्या वाचकांना ती लहानशी पुस्तिका आठवत असेल. घरात रेडिओ आला की पाठोपाठ पोस्टातून ती येई. दर वर्षी पोस्टाच्या खिडकीशी उभे राहून पैसे भरायचे, पुस्तिकेत त्या वर्षाचे तिकीट डकवायचे, त्यावर शिक्का उमटला की वर्षभर निर्धास्त. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या घरी 'वायरलेस इन्स्पेक्टर आलाय' एवढी आवई उठली तरी रेडिओ गोधडीखाली जाई. पुढे दूरचित्रवाणीचा संच आला, त्याचेही लायसन आले. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा अशा इंग्रजी अमदानीतील दोन खुंट्यांवर टांगलेली ती पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्याला आपल्या सरकारने मोडीत काढली. कोणी अश्रू ढाळले नाहीत. आम्हीही ढाळले नाहीत. पैसे वाचले, रांग वाचली, इन्स्पेक्टरचा धाक गेला, एवढेच त्या वेळी कळले.

चाळीस वर्षांनंतर हा विषय उकरून काढण्यास कारण आहे. ज्या देशाकडून ती पुस्तिका आपल्याकडे आली त्या ब्रिटनमध्ये ती अद्याप जिवंत आहे, आणि तिचे पुढे काय करायचे ह्यावरून तेथे रण माजले आहे. बीबीसीची चालू सनद २०२७ च्या अखेरीस संपते. तोपर्यंत परवाना-शुल्क ठेवायचे, बदलायचे की पुसून टाकायचे ह्याचा निकाल तेथील सरकारला लावावा लागणार आहे. त्याच्याशी आपले काय, असे कोणी म्हणेल. गोव्याची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज पारपत्रावर स्विंडनसारख्या शहरांत जाऊन राहिली आहेत. आपल्याकडील परिचारिका आणि शिकणारी मुलेही तिकडे आहेत. परवाना नसलेल्या पत्त्यावर शुल्काच्या मागणीची पत्रे येत राहतात, आणि इकडे आईवडील विचारतात, टीव्ही बघायलासुद्धा लायसन? प्रश्न भाबडा आहे, पण त्याचे उत्तर देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. लोकांच्या मालकीच्या नभोवाणीसाठी आणि दूरचित्रवाणीसाठी लोकांकडून सक्तीने वर्गणी घेण्यात अन्याय नाही. तीच वर्गणी लक्षाधीशाला आणि मोलकरणीला एकाच आकड्याने लावण्यात अन्याय आहे, आणि ती थकली म्हणून एखाद्या बाईला फौजदारी न्यायालयात खेचणे हा तर निर्लज्जपणा आहे. राहता राहिले आपण. लायसन गेल्यापासून आपण फुकट पाहतो अशी जी आपली समजूत आहे ती आपण स्वतःची केलेली फसवणूक आहे.

थोडा इतिहास पाहावा लागेल. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९२२ मध्ये दहा शिलिंगांचा रेडिओ-परवाना सुरू झाला आणि त्याच महिन्यात बीबीसीचे प्रक्षेपण सुरू झाले. तिचा पहिला व्यवस्थापक जॉन रीथ हा एका स्कॉटिश पाळकाचा मुलगा. लोकांना जे आवडते तेवढेच नव्हे, तर जे उत्तम आहे ते द्यावे, असा त्याचा हट्ट. ह्या हट्टाला गर्व म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण १९२८ च्या जानेवारीत त्या संस्थेने रोजच्या उपासनेचा एक छोटा कार्यक्रम सुरू केला तो अद्याप चालू आहे, आणि कोणताही साबणवाला त्याचा खर्च उचलण्यास पुढे आला नसता, हेही तितकेच खरे. १९४६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी दोन पौंडांचा परवाना आला. १९७१ मध्ये रेडिओचा परवाना रद्द झाला. आज ब्रिटनमध्ये रेडिओ ऐकायला काही लागत नाही, दूरचित्रवाणीला लागते. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाले, म्हणजे आपल्या वीस हजार रुपयांच्या घरात.

आपल्याकडेही सुरुवात तशीच झाली होती. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र उघडले. परवान्याचे दहा रुपये ठेवले. पण त्या काळी दहा रुपये आणि वर रेडिओची किंमत परवडणारी माणसे ह्या देशात होती किती? परवाने मूठभर, खर्च हत्तीचा. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि कारभार सरकारने उचलला. तो सरकारने उचलला म्हणून सरकारचाच राहिला, ही आपली पुढची सारी कथा आहे.

आता ब्रिटनच्या आजच्या शुल्काकडे वळू. शुल्क व्यक्तीवर नाही, उत्पन्नावर नाही, संचांच्या संख्येवरही नाही. ते पत्त्यावर आहे. बंगल्यात दहा खोल्या आणि दहा संच असोत, परवाना एक. दुसरीकडे, एका जुनाट घराच्या चार खोल्या चार वेगवेगळ्या करारांनी चार भाडेकरूंना दिलेल्या असोत. प्रत्येक जण आपल्या खोलीत दूरचित्रवाणी पाहत असेल तर परवाने चार. अशा खोल्यांत कोण राहते? नुकतीच आलेली माणसे राहतात. रात्रपाळी करून आलेली परिचारिका राहते, गोदामात खोकी उचलणारा तरुण राहतो. बंगलेवाल्याला एका परवान्याच्या पौंडांत दहा खोल्यांचे मनोरंजन मिळते, आणि पलंग व खुर्ची मावेल एवढ्या खोलीतल्या माणसाला तेवढ्याच पौंडांत एका खोलीचे. शिवाय बीबीसी पाहिलीच नाही, केवळ जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी थेट पाहिली, तरीही परवाना लागतोच. अंध व्यक्तीला मात्र निम्म्या दराने तो मिळतो. ही एक सवलत देताना ज्याने कोणी माणुसकी दाखवली, त्याने पुढच्या पायरीवर का थांबावे हे आम्हांला कळत नाही.

शुल्क न भरता पाहणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे. दंड हजार पौंडांपर्यंत. खटले बहुधा अशा रीतीने चालतात की एकटा दंडाधिकारी कागद पाहून निकाल देतो; आरोपी समोर नसतो, सुनावणी नसते. दंडही भरला गेला नाही तर त्या थकबाकीपायी तुरुंगाचे दार उघडू शकते. आणि ह्या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्या दर दहा जणांत सुमारे सात स्त्रिया असतात. गुन्ह्यांच्या यादीत जिथे बहुधा पुरुष आघाडीवर असतात तिथे हे पान उलटे कसे? संस्थेने २०१७ मध्ये त्याची चौकशी केली. भेदभावाचा हेतू नाही, असे तिला आढळले. दिवसा घरी स्त्रिया असतात, दार त्या उघडतात, एकट्या स्त्रीच्या कमाईवर चालणारी कुटुंबे अधिक आहेत, अशी कारणे पुढे आली. हेतू नसेल, आम्ही मान्य करतो. पण हेतू नसताना जो कायदा नेमका मुले सांभाळणाऱ्या गरीब आईच्याच मानेवर बसतो, त्याची रचनाच चुकली आहे असे म्हणण्यास आणखी कोणता पुरावा हवा? दार उघडले हाच तिचा अपराध!

२०१५ मध्ये डेव्हिड पेरी नावाच्या कायदेपंडिताने सरकारच्या सांगण्यावरून ह्या पद्धतीची तपासणी केली आणि फौजदारी व्यवस्था तूर्त राहू द्यावी असा सल्ला दिला. शिक्षेचा धाक गेला तर बुडवणारे वाढतील, हा युक्तिवाद त्याच्या मुळाशी होता. तो अगदीच पोकळ नाही. आमचे हे त्रैमासिक ऐच्छिक वर्गणीवर चालते. ऐच्छिक वर्गणी म्हणजे काय ते कोणी आमच्या व्यवस्थापकांना विचारावे. पण धाक म्हणजे फौजदारीच असे कुठे आहे? जपानमध्ये एनएचके ह्या सार्वजनिक संस्थेसाठी ज्याच्या घरी संच आहे त्याने करार करावा असा १९५० चा कायदा आहे. ही सक्ती घटनेला धरून आहे असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. तरीही शुल्क न देणाऱ्याला तेथे गुन्हेगार म्हणत नाहीत. उधारी जशी दिवाणी मार्गाने वसूल करतात तशी ती करतात. वीजबिल थकले म्हणून आपल्याकडे कोणाला चोर ठरवत नाहीत. वीज तोडतात, कागद पाठवतात, हप्ते बांधून देतात.

वृद्धांची कहाणी तर ह्याहून बोलकी आहे. २००० साली ब्रिटिश सरकारने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना परवाना मोफत केला आणि पैसे सरकारी तिजोरीतून दिले. २०१५ मध्ये त्याच सरकारच्या पुढच्या अवताराने हा खर्च बीबीसीच्या गळ्यात बांधला. लोकसंख्या म्हातारी होत चाललेली. २०२१-२२ पर्यंत हा आकडा वर्षाला ७४ कोटी ५० लाख पौंडांवर जाणार असा हिशेब निघाला. संस्थेने हात वर केले. १ ऑगस्ट २०२० पासून ज्यांना पेन्शन-क्रेडिट नावाची गरिबांसाठीची मदत मिळते अशाच वृद्धांना परवाना मोफत राहिला, बाकीच्यांना लागू झाला. ती तारीख पाहा. महासाथीचे दिवस. चर्च-मंदिरे बंद, नातवंडे भेटायला येत नाहीत, आजी एकटी खिडकीत. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली तेव्हा बीबीसीच्या स्थानिक रेडिओकेंद्रांनी रविवारची उपासना घराघरांत पोहोचवली होती, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच अधिक खंत वाटते. सरकारने उदारपणाचे श्रेय स्वतः घ्यायचे, बिल दुसऱ्याला पाठवायचे, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत चष्मा पुसत पत्र वाचायचे ते ऐंशी वर्षांच्या विधवेने.

ह्यावर आमचे काही भाविक मित्र शास्त्राचा आधार देतील. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात प्रत्येक इस्राएली माणसाने अर्धा शेकेल द्यावा, श्रीमंताने अधिक देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये, अशी आज्ञा आहेच की! आहे खरी. पण ती कशासाठी आहे? शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल द्यावयाचे ते दान होते, आणि परमेश्वरापुढे सावकाराचा जीव कुळाच्या जिवापेक्षा महाग नाही हे सांगण्यासाठी ते सारखे होते. जिथे खरोखर खिशाला झळ बसायची तिथे त्याच नियमशास्त्राने माप बदलले. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावेत, तेही जमत नसतील तर थोडे पीठ आणावे, असे लेवीय सांगते. बाळ येशूला मंदिरात नेताना पवित्र मरिया आणि योसेफ ह्यांनी कोकरू नेले नाही, हे लूकने नोंदवून ठेवले आहे. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट वर्गणीच्या प्रत्येक सभेत ऐकवली जाते. तिच्या लगेच आधी, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभूने ओढलेला कोरडा मात्र क्वचितच ऐकू येतो. दोन्ही एकाच अध्यायात आहेत. आणि मंदिराच्या पट्टीचा प्रश्न पेत्राला विचारला गेला तेव्हा येशूने ती दिली, तीही माशाच्या तोंडातल्या नाण्याने. परंतु देण्यापूर्वी, राजे पट्टी कोणाकडून घेतात, मुलांकडून की परक्यांकडून, हा खोचक प्रश्न विचारून मगच दिली. पट्टी द्यावी आणि तिच्या न्याय्यतेबद्दल प्रश्नही विचारावा, हे दोन्ही एकाच वेळी करता येते.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत ह्याबद्दल संदिग्धता उरलेली नाही. पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६१ च्या 'माता आणि शिक्षिका' ह्या विश्वपत्रात सांगून ठेवले आहे की, न्याय्य करपद्धतीत ओझे हे देणाऱ्याच्या कुवतीच्या प्रमाणात असले पाहिजे. परवाना-शुल्काला कर म्हणा की वर्गणी म्हणा, नाव बदलल्याने पाठीवरचे वजन बदलत नाही. आपल्या गावांतही सणाची पट्टी दर उंबऱ्याला ठरते. पण पट्टी गोळा करणारे जाणते लोक कोणाच्या दारात शांतपणे पुढे सरकायचे आणि कोणाच्या दारात अधिक वेळ बसायचे हे न सांगता ओळखतात. त्याची वहीत नोंद नसते. संगणकाने छापलेल्या पत्राला हे तारतम्य कोठून यावे!

इथवर वाचून, बरे झाले, आपल्याकडची ब्याद केव्हाच गेली, असे कोणाला वाटले असेल तर त्यांनी घाई करू नये.

शुल्काच्या विरोधकांचा आवडता प्रश्न असा : मी पाहत नाही तर मी का द्यावे? आम्ही ह्या प्रश्नाच्या बाजूचे नाही. ज्याला मूल नाही तोही शाळेसाठी कर भरतो. ज्याच्या घरी विहीर आहे तोही गावच्या नळयोजनेत वाटा उचलतो, कारण गावात पटकी आली तर ती त्याचे घर टाळून जात नाही. खोट्या बातम्यांची साथ पटकीसारखीच पसरते. शेजाऱ्याला खरी बातमी मिळावी ह्यात माझाही स्वार्थ आहे. सर्वांना उपयोगी पडणारी गोष्ट सर्वांनी मिळून पोसावी ह्या तत्त्वावर आपली धर्मग्रामे उभी आहेत, पतपेढ्या उभ्या आहेत. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सामाजिक संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र आदेश काढला तो ह्या साधनांना केवळ करमणूक समजून नव्हे.

आणि ह्या सामायिक पोषणाचे एक फळ आपल्याही ओटीत पडले आहे. बीबीसीची जगभरच्या भाषांतील सेवा पूर्वी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चाले. २०१४ पासून तिचा मुख्य भार परवाना-शुल्कावर आला. २०१७ मध्ये बीबीसीची मराठी बातमीसेवा सुरू झाली तेव्हा सरकारचे वेगळे अनुदानही होते, आणि २०२४ पासून तिची निर्मिती येथील एका स्वतंत्र कंपनीकडे गेली, हा तपशील खरा. पण इंग्लंडमधील कोण्या विधवेच्या पौंडातला एखादा पेन्स मराठी बातमीपर्यंत आला असेल, ही कल्पना आम्हांला सुखावते आणि अवघडवतेही. आमच्यासाठी ती देते. आमच्या भाषेतील निर्भीड बातमीसाठी आम्ही काय देतो?

फार देतो. फक्त कोणाला ते आम्हांला ठाऊक नसते. १ जानेवारी १९७६ रोजी आपल्या दूरचित्रवाणीवर जाहिराती आल्या. १९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका एका झटपट नूडल्सच्या पुरस्काराने घराघरांत पोहोचली, आणि त्याच सुमारास लायसनची पुस्तिका इतिहासजमा झाली. हा योगायोग असेलही. पुस्तिका होती तोवर आपण ग्राहक होतो. पैसे मोजले होते, तक्रार करण्याचा हक्क होता. पुस्तिका गेली आणि आपण माल झालो. वाहिनी कार्यक्रम विकत नाही, ती जाहिरातदाराला आपले डोळे विकते. त्याचा मोबदला आपणच साबणाच्या वडीत, दंतमंजनात, तेलाच्या बाटलीत मोजतो, आणि तोही दर डोई सारखाच : झोपडीतल्या वडीवर जाहिरातीचा भार कमी आणि बंगल्यातल्या वडीवर अधिक असे होत नाही. ब्रिटनचे शुल्क निदान कागदावर दिसते. आपले दिसत नाही, म्हणून त्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

डोळे मोजण्याचा हा धंदा माणसाला कोठवर नेतो हे ऑक्टोबर २०२० मध्ये दिसले. प्रेक्षकसंख्या फुगवल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि पुढे दीड वर्षाच्या आसपास बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे जाहीर होणेच बंद राहिले. तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती नसाव्यात असा नियम आहे. तो कसोशीने लावण्याचा नियामकाचा प्रयत्न वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडला. संध्याकाळी जपमाळेच्या वेळी शेजारच्या घरातून जे ऐकू येते ते बारा मिनिटांचे आहे की वीस, हे वाचकांनी स्वतःच घड्याळ लावून पाहावे. व्हॅटिकनने १९९७ मध्ये जाहिरातींच्या नीतिमत्तेवर जे टिपण काढले त्यात नेमक्या ह्या रोगाचे निदान आहे : माध्यम जाहिरातीवर जगू लागले की फार लहान, फार म्हातारी आणि गरीब माणसे त्याच्या नजरेतून सुटतात, कारण त्यांच्याकडे खरेदीची ताकद नसते. सकाळपासून रात्रीपर्यंत वाहिन्या फिरवून पाहा. आपल्या गावची वाडवळी किंवा सामवेदी बोलणारी आजी, मीठ पिकवणारा आगरी, डहाणूचा वारली तेथे कितीदा भेटतो? २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही अभ्यासमालिका लागली ती दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर. ज्या पोरांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांना तेवढाच आधार होता. त्या पोरांना विकण्यासारखे कोणाकडे काय होते?

बरे, जाहिरातीचे सोडा. रोख पैसे तरी द्यावे लागत नाहीत ना? तेही लागतात. १९९० च्या दशकात केबल आली, पुढे छत्री आली. २०१९ च्या नव्या दररचनेत केवळ जोडणीसाठी महिन्याला १३० रुपयांपर्यंत 'नेटवर्क क्षमता शुल्क' ठरले; वर अठरा टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. म्हणजे वर्षाला अठराशे रुपयांहून अधिक, आणि तेही ज्या वाहिन्या फुकट म्हणवतात त्या पाहण्यासाठी! जुलै २०२४ मध्ये तर नियामकाने त्या शुल्कावरची कमाल मर्यादाही उठवली. लायसन गेले, पट्टी राहिली. पूर्वी ती पोस्टात भरत होतो, आता केबलवाल्याकडे भरतो, एवढाच फरक. डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची मोफत छत्री आहे हे खरे, आणि गरिबांच्या कौलांवर ती दिसते हेही आनंदाचे. पण दूरदर्शनच्या सेवकांच्या पगाराचा भार केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकावर आहे. म्हणजे ज्याच्या घरी संचच नाही तो वेठबिगारही बिस्किटाच्या पुड्यावरील करातून दूरदर्शनला पोसतो, आणि मोबदल्यात दूरदर्शन सायंबातम्यांत मंत्र्यांच्या फिती कापण्याची दृश्ये दाखवते.

इथे येऊन ब्रिटनच्या शुल्काचे एकमेव मोठे समर्थन आम्हांला मान्य करावे लागते. ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती लगाम. शुल्क प्रेक्षकाकडून थेट जाते म्हणून तेथील वृत्तनिवेदक पंतप्रधानाला आडवे प्रश्न विचारू शकतो. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंचे शुल्क रद्द केले आणि सार्वजनिक वाहिन्यांना सरकारी महसुलातून वाटा दिला; घरटी पैसे वाचले, पण आता दर अर्थसंकल्पात हात पसरावे लागणार ही धास्ती तेथील पत्रकारांनी बोलून दाखवली. ही धास्ती आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आणीबाणीत आकाशवाणीचे काय झाले हे ज्यांनी ऐकले ते अद्याप आपल्यात आहेत. १९७८ मध्ये वर्गीस समितीने स्वायत्ततेचा आराखडा दिला, १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला, तो अमलात यायला १९९७ उजाडले, आणि थैली मात्र होती तेथेच राहिली. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला होता की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, ना सरकारची, ना धनिकांची. तीस वर्षे लोटली. मालक अद्याप आपल्या मालमत्तेच्या दाराशी उभा आहे.

कुवतीप्रमाणे घ्यायचे आणि तरी सरकारच्या मुठीत जायचे नाही, हे जमणारच नाही असे म्हणणाऱ्यांनी फिनलंडकडे पाहावे. त्या देशाने २०१३ मध्ये संचावरील शुल्क काढून टाकले आणि त्याऐवजी प्रत्येक प्रौढाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात, वर कमाल मर्यादा घालून, एक स्वतंत्र कर बसवला. फार थोडी मिळकत असलेल्याला तो लागत नाही. इन्स्पेक्टर नाही, दारावरची थाप नाही, कोणत्या खोलीत संच आहे ह्याची चौकशी नाही. जर्मनीने त्याच वर्षी घरटी शुल्क आणले. ते सर्वांना सारखे आहे हा दोष त्यात राहिला, पण सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना त्यातून सूट आहे, आणि वाहिन्यांना किती पैसे लागतात ह्याचा अंदाज मंत्री करत नाहीत, त्यासाठी स्वतंत्र आयोग आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ मध्ये शुल्क पार रद्द करण्याचा प्रस्ताव मतास टाकला गेला तेव्हा शंभरातल्या एकाहत्तर मतदारांनी तो फेटाळला. स्वतःच्या खिशातून जाणारे पैसे लोक आपण होऊन राखतात, हे पाहून आमच्या इकडच्या सर्वज्ञ मंडळींनी थोडे अंतर्मुख व्हायला हरकत नाही.

ब्रिटनने आपली सनद नवी करताना काय करावे हे सांगणारे आम्ही कोण? तरी तेथे आमची माणसे शुल्क भरतात, त्या अधिकाराने एवढे म्हणतो : फौजदारी कलम आधी काढा, खोलीखोलीचा परवाना काढा, मग दराचे बोला. आपल्या घरचे मागणे मात्र हक्काचे आहे. सह्याद्रीसारख्या वाहिनीला दर वर्षी किती पैसे लागतात, ते कोठून येतात, ते देणाऱ्याचा हुकूम बातम्यांवर चालतो की नाही, ह्याचा हिशेब संसदेपुढे एका स्वतंत्र आयोगाने मांडावा आणि तो पैसा मिळकतकराच्या वरच्या पायऱ्यांवरून, वेगळ्या नावाने, वेगळ्या पेटीत यावा. येत्या निवडणुकीत आपल्या धर्मग्रामाच्या पटांगणावर जे उमेदवार हात जोडून येतील त्यांना रस्ता, पाणी आणि स्मशानभूमीनंतर हाही एक प्रश्न विचारता येईल. ते गोंधळतील. त्यांना ह्या विषयावर आजवर कोणी काही विचारलेले नाही.